आम्ही, आपण आणि नंदभाषा

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोंकाला आष्टी नांवाचें तालुक्याचें गांव आहे. इ. स. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि येथून थोडें पश्चिमेला गेलें कीं इंग्रजी अमलांतील अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, लागत असे. सरहद्दीवर राहणाऱ्या माणसाला सीमेचे दगड तर ठाऊक असतातच. पण दोन माणसांच्या मध्यें उभें राहूनहि आपण सीमेबाहेर असूं शकतों, हेंहि त्याला इतरांच्या आधीं कळतें. कारण बोलण्यानेंहि सीमा आंखतां येते. माणसांनीं मुद्दाम घडविलेल्या भाषा आणि त्यांतील व्याकरण, विशेषतः त्यांतील सर्वनामें, या विषयासंबंधीं मी आज बोलणार आहें, आणि त्याचा आरंभ मी आष्टीच्या वाटेवरून करतों, तो याच कारणासाठीं.

शंभर वर्षांपूर्वींच्या तिकडच्या एखाद्या शेतकऱ्याची स्थिति डोळ्यांपुढें आणावी. त्याची भाषा मराठी. तहसील कचेरींत कांहीं काम निघालें तर तेथील दप्तर उर्दूंत. कारण हैद्राबाद संस्थानांत १८८४ च्या सुमारास फारशीची जागा उर्दूनें घेतली होती. फारशी गेली आणि उर्दू आली म्हणून या शेतकऱ्याला फारसें कांहीं उलगडूं लागलें असें नाहीं. माल घेऊन तो सरहद्दीपलीकडे गेला तर पैशाची भाषाहि निराळी. इकडे निजामाचा हाली सिक्का, तिकडे इंग्रजांचा कलदार रुपया, आणि सुमारें सात हालीला सहा कलदार असा हिशोब. हें सगळें पार करून गाडी अडत्याच्या दारांत उभी राहिली, कीं मग खरी परीक्षा. दलाल आणि खरेदीदार दोघे एकमेकांचा हात हातांत घेत, वर रुमाल टाकीत, आणि रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरवीत. याला ‘हत्ता’ म्हणत. माल ज्याचा, त्याला काय दिसे? रुमाल!

तोंडानें बोलावयाची वेळ आलीच, तर त्यासाठीं दुसरी सोय होती. तिचें नांव नंदभाषा. महाराष्ट्रांतील व्यापारी, वाणी आणि दलाल यांच्यामध्यें चालत आलेली ही सांकेतिक बोली, आणि तिचा गाभा म्हणजे अंक. एक म्हणजे केवळा, दोन म्हणजे आवारू, तीन उधानू, चार पोकू, पांच मुळू, सहा शेली, सात पवित्र, आठ मंगी, नऊ लेवनू आणि दहा अंगळू. वीस म्हणजे काटी, शंभर म्हणजे बिटी, हजार म्हणजे ढकार. ठिकाणपरत्वें उच्चारांत थोडाफार फरक पडतो. परंतु रीत हीच. शेतकऱ्याच्या देखत, त्याच्या मालाविषयीं, त्याला ऐकूं जाईल अशा आवाजांत दोघे बोलत, आणि त्यांतला ‘किती’ तेवढा त्याला कळत नसे. बाजारांत बाकी सर्व कळून हा एक शब्द कळला नाहीं, तर काय कळलें म्हणावयाचें?

आतां या भाषेच्या व्याकरणाकडे वळूं. भाषा म्हटली कीं तिला व्याकरण हवें. नंदभाषेचें व्याकरण कोणतें? याचें उत्तर देणारा एक पुरावा आपल्या सुदैवानें थेट संतवाङ्मयांत सांपडतो. नामदेवांचे गुरु म्हणून ज्यांना वारकरी परंपरा मानते त्या विसोबा खेचरांच्या नांवावर एक अभंग आहे, आणि तो नंदभाषेंत आहे. विसोबांना परंपरा ‘विसोबा चाटी’ असेंहि म्हणते. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. तेव्हां पेठेंतली ही बोली त्यांच्या तोंडीं असावी यांत नवल नाहीं; नवल आहे तें त्यांनीं ती कशासाठीं वापरली याचें. त्या अभंगांत शंकराचें वर्णन आहे. त्याचीं मुखें मुळू आहेत, नेत्र उधानू आहेत, हात अंगळू आहेत. मुकुटाच्या ठिकाणीं एकवीस स्वर्ग व पायांतळीं सात पाताळें, हेंहि असेंच पेठेच्या अंकांत सांगितलें आहे. एकवीस सांगतांना ‘एकानें आगळी वीस’ ही जुन्या मराठीची मोजण्याची रीत कायम ठेवली आहे, बदलले आहेत ते फक्त एक आणि वीस हे दोन शब्द. आणि ढकार मुखांचा शेष वर्णन करावयास आला तेव्हां त्याच्याहि जिभा चिरल्या, असें पुढें म्हटलें आहे.

व्याकरणाच्या दृष्टीनें हा अभंग वाचला म्हणजे एक गोष्ट चटकन् नजरेंत भरते. अंक परके आहेत. परंतु त्यांना लागलेले प्रत्यय घरचे आहेत, षष्ठीचा ‘चा’ जागच्या जागीं आहे, आणि ज्या देवाचें वर्णन चाललें आहे त्याला जोडलेलें ‘माझा’ हें सर्वनाम तर जसेंच्या तसें मराठी आहे. ज्या वाक्यांत मोजण्याचे सारे शब्द झांकून टाकले, त्याच वाक्यांत ‘माझा’ उघडा ठेवला आहे. कोणी म्हणेल, छंदासाठीं तसें झालें असेल. मला तसें वाटत नाहीं. गुप्त बोलीचा सर्वत्र हाच स्वभाव दिसतो. नाम बदलतें, अंक बदलतो, एखादें क्रियापदहि बदलतें. पण ‘मी’, ‘तूं’, ‘तो’, ‘जो’ यांना सहसा कोणी हात लावीत नाहीं. नाम हें भिंतीवरच्या खुंटीसारखें. एक काढून दुसरी ठोकतां येते. सर्वनाम हें भिंतींतच बांधलेलें असतें. तें काढूं गेलें तर त्याच्याबरोबर विभक्ति, लिंग, वचन आणि क्रियापदाचीं रूपें, सगळेंच हलूं लागतें. आणि एवढें नवें बांधकाम करावयाला दलालाला वेळ नसतो. त्याला तर दुपारपर्यंत सौदा उरकावयाचा असतो.

पोरांची ‘च’ ची भाषा याला अपवाद आहे. ‘मला’ चें ‘चलाम’ करणारीं मुलें सर्वनामहि झांकतात. पण तेथें शब्द बदललेले नसतात. अक्षरें उलटसुलट केलेलीं असतात, आणि त्या सपाट्यांत सर्वनाम आपोआप सांपडतें.

विसोबांच्या अभंगांत दुसरीहि एक मौज आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. शंकराला पांच मुखें, तीन नेत्र आणि दहा हात असतात हें ऐकणाऱ्याला आधींच ठाऊक असतें. अर्थात् मुळू म्हणजे पांच, उधानू म्हणजे तीन, अंगळू म्हणजे दहा हें त्याला कोणीं न सांगतां उमगतें. शेषाला मुखें किती, स्वर्ग किती आणि पाताळें किती, हेंहि त्याला माहीत असतें. अभंग ऐकून उठणारा श्रोता निम्मी नंदभाषा शिकूनच उठतो! दलालानें कुलूप लावलें होतें. या अभंगानें त्याच कुलपांत किल्ली लावून ठेवली आणि दार ढकलून दिलें. पेठेंत ही भाषा ऐकणाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठीं होती, येथें ती त्याला आंत घेण्यासाठीं आली.

बाहेर ठेवणें आणि आंत घेणें. या दोहोंसाठीं मराठीनें आपल्या व्याकरणांत दोन निराळीं सर्वनामें करून ठेवलीं आहेत, हें आपण रोज वापरतों म्हणूनच आपल्या ध्यानांत येत नाहीं. ‘आम्ही बाजाराला जातों’ आणि ‘आपण बाजाराला जाऊं’ हीं दोन वाक्यें घ्या. पहिल्यांत ऐकणारा घरीं राहिला. दुसऱ्यांत तो गाडींत बसला. इंग्रजीला हा भेद नाहीं. संस्कृतांत ‘वयम्’ हें एकच रूप दोन्ही कामें करतें. हिंदी-उर्दूंतहि ‘हम’ एकच. पण तेलुगूंत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असे दोन शब्द आहेत; तमिळमध्यें ‘नाङ्गळ्’ आणि ‘नाम्’ आहेत. मराठीचें ‘आपण’ हें रूपानें संस्कृत ‘आत्मन्’ पासून प्राकृताच्या वाटेनें आलेलें, म्हणजे शब्द उत्तरेकडचा. पण त्याला ‘तुम्ही आणि आम्ही मिळून’ हें जें काम मिळालें, तें दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांच्या संगतीनें मिळालें असावें, असें अनेक भाषापंडितांचें मत आहे. गुजराथींतहि ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा भेद आहे, हें मात्र येथें विसरतां कामा नये.

या ‘आपण’ वर कामें तरी किती लादलीं आहेत! तें आत्मवाचक आहे, ‘तो आपण होऊन आला’. तें समावेशक आहे, ‘आपण दोघे’. आणि तें आदरार्थीहि आहे, ‘आपण बसावें’. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं आपलें व्याकरण छापलें, आणि मोरो केशव दामल्यांचें मोठें शास्त्रीय व्याकरण १९११ सालीं बाहेर आलें. या दोहोंच्या मधल्या पाऊणशें वर्षांत मराठी वैयाकरणांनीं सर्वनामांचे वर्ग लावण्यांत पुष्कळ शाई खर्च केली. तरीहि बोलणाऱ्याच्या तोंडचें ‘आपण’ नक्की कोणत्या वर्गांतलें, हें प्रसंगावांचून सांगतां येत नाहीं. मघाशीं मी म्हणालों कीं ‘आपण रोज वापरतों’. तेव्हां मीं श्रोत्यांना माझ्या पंक्तीला बसविलें कीं त्यांना केवळ आदर दिला, हें श्रोत्यांनींच ठरवावें.

आष्टीच्या शेतकऱ्याच्या कामीं हा भेद किती येतो पाहा. समजा, तो कचेरींत सांगतो कीं, ‘विहीर आम्ही खणली.’ समोर त्याचा भाऊबंद उभा आहे. ‘आम्ही’ म्हटल्यानें भाऊबंदाचा हक्क त्या वाक्यांतून वगळला गेला. ‘विहीर आपण खणली’ असें तो भाऊबंदाकडे पाहून म्हणाला असता, तर तोच हक्क कबूल झाला असता. आतां ही जबानी उर्दूंत उतरली कीं दोहोंचें ‘हम ने’ होतें. कारकुनानें लबाडी केली असें नाहीं. त्याच्या भाषेंत त्या भेदाला जागाच नाहीं. मराठींत ज्या वाक्यावर भांडण पेटलें असतें, तेंच वाक्य दप्तरांत गेल्यावर थंड पडतें. भाषांतराचें काम करणाऱ्यांना अशा जागा रोज भेटतात, आणि बहुतेक वेळां त्या न बोलतां ओलांडल्या जातात.

बाजार आणि कचेरी यांच्याखेरीज मराठीवर आणखी एक कुलूप फार काळ होतें, आणि त्याचा आपल्या व्याकरणाशीं निकट संबंध आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनीं गोळा केल्या, तें लीळाचरित्र. मराठी गद्याचा हा आद्य ठेवा. पुढें चौदाव्या शतकांत महानुभाव पंथानें आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहावयास आरंभ केला. त्यांतली मुख्य ती सकळ लिपी. ती रवळोबासांनीं तयार केली असें परंपरा सांगते. हिची रीत नंदभाषेच्याहि अलीकडची आहे. येथें शब्द बदलत नाहीं, प्रत्यय बदलत नाहीं. एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर येतें, एवढेंच. खालची मराठी जशीच्या तशी असते. ग्रंथ शुद्ध राहावेत, पाठ बिघडूं नयेत, परक्याच्या हातीं पडूं नयेत, असे त्यामागचे हेतु होते, आणि ते कांहीं अंशीं सफलहि झाले. परंतु त्याची किंमत सर्व मराठीनें मोजली. दादोबांनीं १८३६ सालीं व्याकरण लिहिलें तेव्हां आपल्या भाषेचें सर्वांत जुनें गद्य त्यांच्यापुढें नव्हतें. मराठी व्याकरणाचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा उल्लेख करतात तें भीष्माचार्यांचें ‘पंचवार्तिक’ हेंहि याच पंथाचें, आणि तेंहि पंथाबाहेरच्या वैयाकरणांना अज्ञातच राहिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे इत्यादि संशोधकांच्या श्रमानें ही लिपी उकलली, ह. ना. नेने यांनीं १९३० नंतरच्या दशकांत लीळाचरित्र छापून काढलें, आणि डॉ. वि. भि. कोलते यांची आवृत्ति १९७८ सालीं निघाली. सुमारें सहाशें वर्षें हा ठेवा ‘आम्ही’ चा होता. तो ‘आपला’ व्हावयास एवढा काळ गेला.

आणि त्या कुलपामागें सर्वनामांच्या दृष्टीनें काय दडलेलें होतें? चक्रधर स्वतःविषयीं बोलतांना अनेकदां ‘मी’ म्हणतच नाहींत. ते ‘एथ’ म्हणतात, ‘एथौनि’ म्हणतात. म्हणजे ‘येथें’, ‘येथून’. ‘मी करीन’ याऐवजीं ‘येथून होईल’ अशा धर्तीचें बोलणें. पुरुषवाचक सर्वनामाची जागा स्थलवाचक शब्दानें घेतली. यांत विनय आहे कीं अधिकार आहे, याविषयीं मतभेद होऊं शकेल. मला स्वतःला त्यांत दोन्ही दिसतात. पुढें पेशवाईच्या पत्रव्यवहारांत याचीच दरबारी आवृत्ति आढळते. लिहिणारा स्वतःला ‘सेवक’ म्हणतो, ज्याला लिहावयाचें त्याला ‘स्वामी’ म्हणतो, आणि अख्खें पत्र ‘मी’ आणि ‘तुम्ही’ यांना वळसा घालून पुरें होतें. नंदभाषेनें ज्याला हात लावला नाहीं, तें सर्वनाम आदरापोटीं मात्र सहज बाजूला सारलें गेलें. लपवावयाचें असलें तर माणूस नाम बदलतो. वांकावयाचें असलें तर सर्वनाम.

आतां थोडा दूरचा प्रवास करूं. अक्षरें बदलणारी लिपी पाहिली, शब्द बदलणारी पेठेची बोली पाहिली; परंतु सर्वनामांसकट सर्वच्या सर्व नवें रचणारा कोणी निघाला काय? निघाला, आणि तो अमेरिकेंत. ‘स्टार ट्रेक’ नांवाच्या चित्रपटमालिकेंत क्लिंगॉन नांवाची एक कल्पित परग्रहवासी लढवय्यी जमात आहे. मालिकेच्या १९८४ सालच्या तिसऱ्या चित्रपटासाठीं मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञानें त्या जमातीची भाषा रचली आणि १९८५ सालीं तिचा कोश व व्याकरण छापलें. ओक्रँडचा मूळ अभ्यास कॅलिफोर्नियांतील मुत्सुन या आदिवासी भाषेचा; म्हणजे हा गृहस्थ हौशी नव्हे. त्यानें वाक्याचा क्रमच उलटा ठेवला. आधीं कर्म, मग क्रियापद, शेवटीं कर्ता. क्रियापदाच्या आरंभीं असे उपसर्ग लाविले कीं करणारा कोण आणि सोसणारा कोण हें दोन्ही त्यांतच कळावें. त्यामुळें निराळें सर्वनाम उच्चारण्याची गरज बहुधा पडत नाहीं. आपण ‘जातों’ म्हटलें कीं ‘मी’ न म्हणतांहि भागतें, त्याच्याच पुढची ही पायरी.

या भाषेंत मी म्हणजे ‘जिख’, तूं म्हणजे ‘सोख’. तो आणि ती यांना मिळून एकच शब्द, ‘घाख’. पण ‘तें’ साठीं निराळा, ‘ओख’. मराठीला जो प्रश्न लिंगाचा, तो या भाषेला वाचेचा. ज्याला बोलतां येतें तो ‘घाख’, ज्याला येत नाहीं तें ‘ओख’. आपण तान्ह्या मुलाला ‘तें मूल’ म्हणतों तें व्याकरणाच्या लिंगामुळें. परंतु दोन्हीकडे सर्वनाम निवडतांना माणूस समोरच्याला कोणत्या पंक्तीला बसवावयाचें हें ठरवीतच असतो. ‘असणें’ या क्रियापदाची जोडहि लक्षांत घेण्यासारखी आहे. ‘मी आष्टीचा’ एवढें म्हटलें कीं मराठींत वाक्य पुरें होतें, ‘आहे’ लागत नाहीं. क्लिंगॉनमध्यें हेंच तत्त्व पुढें नेलें आहे. तेथें सर्वनामच क्रियापदाचें काम करतें आणि क्रियापदाचे प्रत्ययहि अंगावर घेतें.

एवढा सगळा खटाटोप करणाऱ्या या रचनाकारानें ‘आम्ही’ साठीं मात्र एकच शब्द ठेवला आहे, ‘माख’. त्यांत ऐकणारा आला कीं नाहीं हें शब्दावरून कळत नाहीं. तूं आणि आपण यांतला आदराचा भेदहि सर्वनामांत नाहीं. आदर दाखवावयाचाच झाला तर क्रियापदाला ‘नेस’ असा प्रत्यय लागतो, आणि तोहि क्वचित्. लढवय्यांच्या भाषेला आदराचें ओझें नको, हें समजण्याजोगें आहे. परंतु शत्रु-मित्र हाच ज्यांचा रात्रंदिवसाचा व्यवहार, त्यांच्या भाषेंत ‘तुला वगळून आम्ही’ आणि ‘तुझ्यासकट आम्ही’ हे दोन शब्द निराळे नसावेत, याची मला गंमत वाटते. रुमालाकडे पाहत उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या तोंडीं ते दोन्ही होते. दलाल त्याच्याशीं बोले तें ‘आपण’ चें, ‘आपला माल चांगला आहे, आपण भाव काढूं’; रुमालाखालचीं बोटें बोलत तें ‘आम्ही’ चें.

ही स्थिति मोडली ती कायद्यानें. आष्टीचा मुलूख १९४८ नंतर हैद्राबाद राज्यांत, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. शेतमालाच्या खरेदी-विक्रीसंबंधीं महाराष्ट्राचा कायदा १९६३ सालीं झाला. बाजार समितीच्या आवारांत माल उघड लिलावानें विकला जावा, वजन प्रमाणित कांट्यावर व्हावें, अडत्याला परवाना असावा, असा त्याचा रोख. आष्टी तालुक्यांतील कडा येथें बाजार समिति आहे, आणि कांद्याच्या व्यवहारासाठीं तें गांव त्या बाजूला ओळखीचें आहे. लिलावाचा आंकडा शेतकऱ्याला कळेल अशा शब्दांत पुकारावयाचा असतो, आणि विक्री झाल्यावर त्याच्या हातीं पट्टी पडते. तिच्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई आणि उरलेली रक्कम हीं सर्व अंकांत मांडलेलीं असतात. तेथें पांचाच्या जागीं ‘मुळू’ लिहून चालत नाहीं.